सही करा, पण पहिल्या सातांत नको

वाचकाचं पत्र (थोडं आटोपून):

‘ताई, नमस्कार. मी सोलापूरचा, वय २९. एका छोट्या प्रादेशिक विमान कंपनीत एटीआरवर, म्हणजे पंख्यांच्या छोट्या प्रवासी विमानावर, को-पायलट आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. आमची विमानं सोलापूरला येत नाहीत, एवढंच सांगतो. आम्ही साठेक पायलट. दिवसाला चार लँडिंग, कधी सहा. उद्याचं रोस्टर रात्री अकराला बदलतं. मागच्या पावसाळ्यात एका सहकाऱ्यानं थकवा कळवून ड्यूटी नाकारली. पुढचा महिनाभर त्याला इतकी कमी उड्डाणं दिली, की फ्लाइंग अलाउन्स निम्म्यावर आला. आता दहा-बारा जण युनियन रजिस्टर करायचं म्हणतायत. पहिल्या सात सह्यांत त्यांना माझी सही हवी आहे, आणि हिशेबाला बरा म्हणून खजिनदारही मीच व्हावं असा आग्रह आहे. माझा नोकरीचा बॉन्ड (मुदतीआधी सोडलं तर रक्कम भरायची) अजून दोन वर्षं आहे. ट्रेनिंगच्या कर्जासाठी अप्पांनी अक्कलकोट रोडचं यंत्रमागाचं शेड तारण ठेवलंय. अप्पा आधी गिरणीत होते. ते म्हणतात, “युनियननं गिरणी खाल्ली, आता तू विमान खायला निघालास होय? गप नोकरी कर.” आमची आजी विड्या वळायची, लाल बावट्याच्या मोर्चाला जायची. ती म्हणते सही कर. एचआरवाले म्हणतात, आपण सगळे एक कुटुंब आहोत. रविवारी बैठक आहे. मी काय करू? – को-पायलट, जुळे सोलापूर’

नमस्कार.

रविवार जवळ आलाय, म्हणून उत्तर आधी देते. तुमच्या पायलटांनी संघटना करावी. तुम्ही सभासद व्हावं. पहिल्या सात सह्यांत मात्र तुमची सही नसावी, आणि खजिनदारकी निदान वर्षभर दुसऱ्या कुणाकडे असावी. यात थोडा स्वार्थ आहे, आणि तो लपवायचं कारण नाही. शेड तुमच्या अप्पांचं आहे.

या पानावर नोकरीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या बहुतेकांना मी म्हणते, बाबांनो, दुसरीकडे बघा. सोलापुरातली निम्मी पोरं तसंच करून पुण्याला गेली. तुम्हाला ते सांगता येत नाही, आणि तुमच्या पत्राची खरी गाठ तिथंच आहे. डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, २०१७ च्या नियमानं को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते आणि कमांडरला, म्हणजे कॅप्टनला, वर्षभराची. आयटीतला मुलगा तीन महिन्यांच्या नोटिशीला वैतागतो, तुमची त्याच्या दुप्पट. त्यावर बॉन्ड. त्यावर टाइप रेटिंग, म्हणजे एकाच प्रकारचं विमान उडवायची परवानगी: तुमच्याकडे एटीआरचं आहे, त्यावर एअरबस उडवता येत नाही. नव्या रेटिंगला पुन्हा काही लाख, म्हणजे पुन्हा शेड. ज्याला आवडत नसेल तर निघून जायची सोय नाही, त्याला आतच बोलायची सोय लागते. आणि एकट्यानं बोललं की काय होतं, ते तुमच्या सहकाऱ्यानं दाखवून दिलंय. त्याला कुणी शिक्षा केली नाही, मेमो दिला नाही. नुसती उड्डाणं कमी दिली. कागदावर काहीच घडलेलं नाही, म्हणून त्याची तक्रारही करता येत नाही.

छोट्या कंपनीतल्या पायलटांना संघटनेची गरज मोठ्या कंपनीतल्यांपेक्षा जास्त असते असं मला वाटतं, आणि ती पगारासाठी नाही. दिल्ली-लंडन उडवणारा एकदा चढतो, एकदा उतरतो. तुम्ही दिवसातून चार-सहा वेळा उतरता, तेही छोट्या धावपट्ट्यांवर, पावसाळी ढगांतून, मोठ्या विमानतळावर असतात तेवढी साधनं हाताशी नसताना. डीजीसीएच्या ड्यूटीच्या नियमांतही लँडिंग वाढली की ड्यूटीची मर्यादा कमी होते. म्हणजे काम लँडिंगला असतं हे सरकारलाही ठाऊक आहे. फक्त रोस्टर करणाऱ्यावर विमान जमिनीवर न ठेवण्याचा दबाव असतो, आणि त्याच्यासमोर उभा असतो बॉन्डमध्ये अडकलेला एकटा को-पायलट.

थकवा म्हणजे आळस, अशी आपल्याकडे एक समजूत आहे, म्हणून अमेरिकेतलं एक प्रकरण सांगते. १२ फेब्रुवारी २००९ ला कोलगन एअरचं विमान न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोजवळ पडलं, ५० माणसं गेली. कंपनी प्रादेशिक आणि विमान तुमच्यासारखंच दोन टर्बोप्रॉप इंजिनांचं. को-पायलट आदल्या रात्री सिएटलहून देश ओलांडून ड्यूटीवर आली होती, कारण तळाच्या गावात घर घेणं तिच्या पगारात बसत नव्हतं. विमान पडलं ते कॅप्टननं चुकीचा प्रतिसाद दिल्यामुळे, असं तपासात ठरलं. थकव्याचा त्यात नेमका किती वाटा, ते मात्र ठरवता आलं नाही. तरीही मृतांचे नातेवाईक आणि पायलटांची संघटना सरकारच्या मागे लागली, आणि २०१४ पासून तिथं विश्रांतीचे नवे नियम आले. नातेवाइकांकडे दुःख होतं. कुठल्या नियमातला कुठला शब्द बदलायला हवा, हे संघटनेला माहीत होतं.

आता अप्पांचं. त्यांचा राग खोटा नाही. गिरणीचा भोंगा बंद झाल्यावर सोलापुरात कितीतरी घरांतल्या चुली कशा पेटल्या, ते ज्यांनी बघितलंय त्यांना युनियन म्हटलं की संप आठवतो आणि संप म्हटलं की कुलूप. चुकीचे संप झालेही, हट्टी पुढारीही झाले. पण सगळं खापर तिकडे फोडायचं असेल तर आपल्याच गावातला एक कागद अप्पांना दाखवा. जुनी गिरणी, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, १८७७ पासूनची. १९४९ मध्ये ती बंद पडली, हजारो कामगार रस्त्यावर आले. १९५० मध्ये भारत सरकारनं एका गिरणीसाठी खास कायदा करून तिचा कारभार ताब्यात घेतला. भागधारक त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ते खटले आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवले जातात. त्या कायद्याच्या सुरुवातीलाच कारण लिहिलेलं आहे: कंपनीच्या कारभारातलं गैरव्यवस्थापन आणि हेळसांड. अप्पांच्या गिरणीचं कारण तेच होतं असं मी म्हणत नाही. गिरण्या एका कारणानं मेल्या नाहीत, एवढंच म्हणते.

आणि अप्पांना हळूच एक विचारा: सुताचे भाव चढले, वीजदर वाढला, की यंत्रमागधारक एकेकटे महावितरणकडे जातात का? संघ करून निवेदन देतात, बंद पुकारतात, पालकमंत्र्यांना भेटतात. मालकांनी केला तर संघ आणि कामगारांनी केली तर भानगड, हा हिशेब मला वकिलीच्या पूर्ण काळात समजला नाही. (वाद घालायला म्हणून विचारू नका. जेवण झाल्यावर विचारा.)

आजीचं मत मोर्चांतून आलेलं आहे, पण मोर्चे हा त्यातला लहान भाग. विडी कामगार बायकांनी कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांच्या मागे उभं राहून कुंभारीला दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी केली. पुढे रे नगरची तीस हजार घरांची योजना, त्यातली पंधरा हजार घरं १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली. ही घरं घोषणांनी उभी राहिली नाहीत. वर्षानुवर्षं अर्ज, याद्या, उत्पन्नाचे दाखले, बँक, दिल्ली. अक्षरओळख नसलेल्या बायकांच्या युनियननं कागदाचं काम चिकाटीनं केलं. तुम्हा पायलटांकडे तर प्रत्येक मिनिटाची नोंद असते.

आता कायदा, कारण बैठकीत यावर बरीच अर्धवट माहिती फेकली जाईल.

पहिला प्रश्न येईल, पायलट कामगार असतो का? पट्ट्या, टोपी, लाखांत पगार. दिल्ली उच्च न्यायालयानं एका छोट्या हवाई कंपनीच्या पायलटांच्या प्रकरणात होय म्हटलंय. पगार किती, हे न्यायालय बघत नाही. प्रत्यक्ष काम काय, ते बघतं. विमान उडवणं हे कौशल्याचं, तांत्रिक काम आहे. कॅप्टन विमानाचा प्रमुख असला म्हणून तो व्यवस्थापनात जात नाही. चीफ पायलट किंवा ऑपरेशन्सचा प्रमुख यांची गोष्ट वेगळी, ते खरोखर कंपनी चालवतात. त्यांना संघटनेत घेऊ नका. कंपनीचा वकील कमांडरांवरून वाद घालणारच, त्याची तयारी ठेवा.

काही पायलटांना हा ‘कामगार’ शिक्का कमीपणाचा वाटतो. त्यांना दिवाळखोरीचा कायदा वाचायला द्या. कंपनी बुडाली आणि मालमत्ता विकली, तर कामगारांची शेवटच्या २४ महिन्यांची थकबाकी तारण घेतलेल्या बँकांच्या बरोबरीनं मोजली जाते. बाकी कर्मचाऱ्यांना फक्त १२ महिन्यांची, आणि तीही मागच्या रांगेत. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये थांबली तेव्हा पायलटांचे महिन्यांचे पगार थकलेले होते, आणि सर्वोच्च न्यायालयानं ती विकून टाकायचा आदेश दिला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये. साडेपाच वर्षं. त्या रांगेत कुठं उभं राहायला मिळतं, हे त्या वेळी टोपीपेक्षा महत्त्वाचं ठरतं.

दुसरा प्रश्न संख्येचा. नोंदणीला किमान सात सभासद लागतात, आणि एकूण कामगारांच्या दहा टक्के किंवा शंभर, यातला कमी आकडा. इथं थांबून मोजा. ‘एकूण कामगार’ म्हणजे फक्त पायलट नव्हेत. केबिन क्रू, इंजिनिअर, तंत्रज्ञ, ग्राउंड स्टाफ असे सगळे. तुमच्या कंपनीत पाचशे लोक असतील तर सात सह्यांनी भागणार नाही, पन्नास लागतील. तुमचे सहकारी सातावर अडून बसलेत, त्यावरून हे गणित कुणी केलं नसावं असं दिसतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्यात वाटाघाटीचा अधिकार मिळवायला हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. तो कुणाकडेच नसेल तर किमान २० टक्के असलेल्या संघटनांची मिळून परिषद होते. कंपनीत एकच संघटना असेल तर नियमांतले निकष पाळून तिलाच मान्यता द्यावी लागते. त्या निकषांत न बसणाऱ्या साठ पायलटांच्या संघटनेला मग दोनच वाटा उरतात. इंजिनिअर आणि केबिन क्रूला बरोबर घ्या, किंवा औपचारिक मान्यतेशिवाय, नुसत्या वजनावर बोलणी करायची तयारी ठेवा. मी पहिली वाट धरीन. पायलटांना ती आवडत नाही हे मला माहीत आहे. कॉकपिटचं दार बंद असतं तसंच मनही थोडं बंद असतं, माफ करा.

आणखी एक, म्हणजे हेलपाटा वाचेल: संघटनेची नोंदणी राज्याच्या निबंधकाकडे होते, पण विमान वाहतुकीतला वाद केंद्राच्या कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे जातो. सोलापूरच्या कामगार कार्यालयात जाऊन बसाल तर साहेब चहा पाजतील आणि पुण्या-मुंबईचा पत्ता देतील.

आता संप. बैठकीत कुणीतरी २००९ सांगेलच. त्या वर्षी जेटच्या पायलटांनी ‘नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड’ स्थापन केली, कंपनीनं दोघांना काढलं, आणि सप्टेंबरमध्ये शेकडो पायलट एकदम आजारी पडले. पाच दिवसांत कंपनी नमली, काढलेले परत आले. गोष्ट खरी आहे आणि ऐकायला गोडही आहे. पण त्यांचा आकडा शेकड्यांत होता. आता पन्नास टक्के किंवा त्याहून जास्त कामगारांनी मिळून नैमित्तिक रजा टाकली तर तोच संप धरला जातो, आणि संपाला आधी १४ दिवसांची नोटीस लागते. विनानोटीस संप म्हणजे बेकायदा संप, आणि बेकायदा संपात काढून टाकलेल्या को-पायलटला बॉन्डची रक्कमही मागितली जाईल. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसचे केबिन क्रू असेच एकदम आजारी पडले, कंपनीनं पंचविसेक जणांना काढलं. ते परत आले ते दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांसमोर झालेल्या बैठकीत, आणि तिथं त्यांच्या बाजूनं बोलायला नोंदणीकृत युनियन होती, म्हणून.

आणि २०१२ विसरू नका. एअर इंडियाच्या ‘इंडियन पायलट्स गिल्ड’चा संप ५८ दिवस चालला. वाद कशाचा होता? नव्या ड्रीमलायनर विमानांचं ट्रेनिंग एअर इंडियात विलीन झालेल्या जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या पायलटांना का देता, याचा. म्हणजे पायलटांची एक संघटना दुसऱ्या पायलटांच्या विरोधात. शंभराच्या आसपास पायलट बडतर्फ झाले, गिल्डची मान्यता गेली, शेवट उच्च न्यायालयात झाला. त्या ५८ दिवसांत प्रवासी दुसऱ्या कंपन्यांच्या विमानांत जाऊन बसले. तुमच्या संघटनेत उद्या कमांडर विरुद्ध को-पायलट, बाहेरून आलेले विरुद्ध कंपनीत वाढलेले, असं सुरू झालं तर मॅनेजमेंटला काही करावंच लागणार नाही.

मग संघटना संपाशिवाय काय करते? मागच्या दोन वर्षांत आपल्याच देशात बघा. जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएनं ड्यूटीचे नवे नियम काढले: आठवड्याची विश्रांती ३६ तासांची ४८ झाली, रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत गेली, रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आली. कंपन्यांनी विरोध केला, अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. पायलटांच्या संघटनांनी दिल्ली उच्च न्यायालयात ती लावून धरली, आणि २०२५ च्या १ जुलै आणि १ नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत नियम लागू झाले. एक विमान थांबलं नाही, एक पायलट निलंबित झाला नाही. पुढे डिसेंबरात काय झालं ते सगळ्या देशानं बघितलं: इंडिगोकडे नव्या नियमांना पुरतील एवढे पायलट नव्हते, हजारो उड्डाणं रद्द झाली, लोक बॅगांच्या ढिगाशेजारी झोपले, आणि सरकारनं त्या कंपनीला काही नियमांतून तात्पुरती सूट दिली. त्या आठवड्यात बऱ्याच लोकांनी पायलटांना शिव्या घातल्या. नियम जवळजवळ दोन वर्षं आधी माहीत असताना भरती कुणी केली नाही, हे संघटनांनीच जागोजागी मांडलं. एकट्या पायलटला तर कॅमेऱ्यासमोर बोलायचीही परवानगी नसते.

अप्पांच्या बाजूचंही एक खरं मांडते, नाहीतर उत्तर लंगडं राहील. अमेरिकेतली स्कायवेस्ट ही बलाढ्य प्रादेशिक कंपनी. तिथल्या पायलटांनी राष्ट्रीय युनियनला मतदानात नाही म्हटलं, कंपनीतलीच एक पायलट संघटना बोलणी करते, आणि कंपनी वाढत गेली. उलट तिथलीच दुसरी प्रादेशिक कंपनी, कोमएअर. तिच्या पायलटांनी २००१ मध्ये ८९ दिवस संप केला, चांगला करार मिळवला, आणि २०१२ मध्ये कंपनी बंद झाली. बंद होण्याला इतर कारणं पुष्कळ होती: इंधन, छोटी जेट विमानं, मूळ कंपनीची दिवाळखोरी. पण महाग करार हे त्यातलं एक नव्हतंच, असं छातीठोक म्हणता येणार नाही. आपल्याकडे तर छोट्या कंपन्यांचा जीव आणखी लहान. छोटी शहरं विमानानं जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेत मार्गाला तीन वर्षं तुटीची भरपाई मिळते, ती संपली की पुष्कळ मार्ग बंद पडतात. ट्रूजेट ही अशीच छोटी कंपनी २०२२ मध्ये थांबली. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. विमानांच्या वाटेत येणाऱ्या साखर कारखान्याच्या एका चिमणीवरून आपण वर्षानुवर्षं भांडलो, जून २०२३ मध्ये ती पाडली, आणि होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान उडायला जून २०२५ उजाडला. मुंबईचं ऑक्टोबरात सुरू झालं तेही राज्य सरकारच्या भरपाईच्या टेकूवर.

म्हणून तुमच्या संघटनेनं पगारवाढीचा आकडा पहिल्या पत्रात लिहू नये. पहिल्या पत्रात चारच मागण्या असाव्यात असं मला वाटतं, आणि एकीलाही कंपनीचा रुपया फारसा लागत नाही. रोस्टर किती तास आधी पक्कं होईल ते लेखी द्या. थकवा कळवणाऱ्याची पुढच्या तीन महिन्यांची उड्डाणं इतरांच्या सरासरीशी ताडून दाखवा. थकव्याच्या नोंदींचा तिमाही अहवाल कंपनीला डीजीसीएकडे द्यावाच लागतो, त्याची प्रत मागा. आणि पगार, पीएफ, टीडीएस वेळेवर भरल्याचा पुरावा दर महिन्याला दाखवा. हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. विमान कंपनी बुडायच्या आधी बातमी येत नाही. आधी पीएफ थकतो. स्वतःचं पासबुक उघडून बघायला युनियन लागत नाही, आजच बघा.

आता तुमची सही. पहिल्या सात जणांची नावं अर्जावर जातात आणि कंपनीला ती लगेच कळतात. युनियन केली म्हणून कुणाला काढणं किंवा त्रास देणं ही अनुचित कामगार प्रथा आहे, वाद आयुक्तांसमोर चालू असताना काही पदाधिकाऱ्यांना विशेष संरक्षणही मिळतं. पण हे संरक्षण न्यायालयात मिळतं, आणि न्यायालयाला वर्षं लागतात. तुमचे हप्ते महिन्याला येतात. म्हणून पुढे त्यांनी उभं राहावं ज्यांचा बॉन्ड संपलाय, कमांड मिळालेली आहे आणि ज्यांना दुसरी कंपनी उद्या घेईल. असे पाच-सहा कमांडर पुढे यायला तयार नसतील आणि सगळा भार बॉन्डमधल्या को-पायलटांवर टाकत असतील, तर ही संघटना अजून पिकलेली नाही. मग रविवारी फक्त ऐकून या. ते तयार असतील तर अर्ज जायच्या आधी निम्म्याहून जास्त पायलटांची लेखी संमती गोळा झालेली असू दे, आणि त्या यादीत तुमचं नाव असू दे, मधे कुठेतरी.

मधल्या वर्षात तुम्ही रिकामे बसणार नाही. हिशेबाला बरे आहात ना? मग रोस्टरचा हिशेब ठेवा. कुणाला कधी किती वाजता बदल कळवला, किती लँडिंग, किती विश्रांती, थकवा कळवल्यानंतर उड्डाणं किती. हे स्वतःच्या वहीत, स्वतःच्या फोनवर. कंपनीच्या टॅबवर किंवा ईमेलवर एक ओळही नको. व्हॉट्सॲप ग्रुपवर साहेबांची टिंगल तर अजिबात नको, ती नेमकी हव्या त्या माणसाकडे पोचते. आणि नोंदणीआधी तुमच्या लोकांनी ‘फेडरेशन ऑफ इंडियन पायलट्स’ किंवा ‘एअरलाइन पायलट्स असोसिएशन ऑफ इंडिया’ यांच्याशी एकदा बोलावं. साठ जणांनी सगळं स्वतः शिकत बसायची गरज नाही.

एचआरच्या ‘कुटुंबा’बद्दल मी काही लिहिणार नाही. कुटुंबात रात्री अकराला रोस्टर बदलत नाही.

अप्पांना सही करायच्या आधी सांगा, नंतर नको. शेड त्यांचं आहे आणि त्यांना हे बाहेरून कळलं तर ते दुखेल. परवानगी मागू नका, माहिती द्या, आणि बॉन्डची प्रत त्यांच्यासमोर ठेवा. मालक म्हणून त्यांनी आयुष्यात पुष्कळ करार वाचलेत, ते तुमच्यापेक्षा चांगलं वाचतील.

त्या बॉन्डमध्ये दोघांनी मिळून एक कलम शोधा: तुम्ही सोडलं तर रक्कम भरायची हे असणारच, पण कंपनीनं काढलं तर काय, ते वेगळं लिहिलंय का? असे बॉन्ड म्हणजे निव्वळ धमकी, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका बँकेच्या प्रकरणात नोकरीचा बॉन्ड वैध धरला आहे. ‘गैरवर्तनासाठी काढल्यास’ पूर्ण रक्कम देय, अशी ओळ असेल आणि गैरवर्तनात काय काय येतं ते कंपनीच्या नियमावलीवर सोडलेलं असेल, तर ती नियमावलीही मागवून घ्या. दोन्ही कागद कामगार कायदा बघणाऱ्या वकिलाला दाखवा, दिवाणीवाल्याला नको. रविवारच्या आत वकील भेटला नाही तर बैठकीला जा, चहा घ्या, आणि सही पुढच्या आठवड्यात करतो म्हणून सांगा.